विंडोज नवं टाकलं, मग जागा कुठे अडकली?

256 जीबीच्या एसएसडीवर विंडोज 11 नव्याने टाकलं, स्वतःची एकही फाइल अजून परत आणलेली नाही आणि तरी सी ड्राइव्हचे शंभरेक जीबी भरलेले दिसतात. अशा वेळी बरेच जण आधी एखादं 'क्लीनर' डाउनलोड करतात. त्याची काही गरज नसते. विंडोजमध्ये लागतं ते जवळपास सगळं आहे. फक्त जागा कुणी अडवली आहे ते आधी बघायचं आणि मगच डिलीट करायचं.

एक हिशेब आधी मिटवू. 256 जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये 238 जीबीच दिसतो. कंपनी एक जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरते. विंडोज 1024च्या पटीत मोजतं आणि तरी पुढे 'जीबी'च लिहितं. हे 18 जीबी कुठे गेलेले नाहीत, त्यामुळे ते शोधण्यात वेळ घालवू नका.

खरी जागा खातं ते 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर. इन्स्टॉल करताना जुनं पार्टिशन (ड्राइव्हचा वेगळा केलेला भाग) फॉरमॅट न करता त्यावरच विंडोज टाकलं, तर सेटअप जुनं विंडोज, प्रोग्राम फाइल्स आणि यूजर्स हे सगळं उचलून या फोल्डरमध्ये ठेवतो. यूजर्समध्ये तुमचे फोटो-व्हिडिओ असतील तर हा फोल्डर सहज 60-70 जीबींचा होतो. दोनदा इन्स्टॉल केलं असेल तर शेजारी '.000' शेपटीचा आणखी एक सापडेल.

तो उडवण्याआधी आत जाऊन नीट बघा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळ्यांना आठवतात. विसरतात ते ॲपडेटा, म्हणजे प्रोग्राम आपला डेटा ठेवतात तो फोल्डर: ब्राउझरचे बुकमार्क, मेल प्रोग्रामच्या फाइल्स, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा. हवं ते दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि तिथे उघडून बघा. हार्ड डिस्कवर चुकून उडालेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने बऱ्याचदा परत मिळायची. एसएसडीवर फाइल डिलीट होताच विंडोज ड्राइव्हला 'ट्रिम' पाठवतं, म्हणजे 'हे ब्लॉक आता नकोत' असं सांगतं. त्यानंतर ड्राइव्ह ते ब्लॉक आपल्या सवडीने आतून पुसून टाकतो. तिथून काही परत मिळेल ही आशा सोडायची.

एक्सप्लोररमधून हा फोल्डर डिलीट करायला गेलात तर परवानगीचे अडथळे येतात आणि अर्धामुर्धा फोल्डर तसाच राहतो. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने जा, 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स'वर खूण करा आणि काढून टाका. त्याच यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. त्यावर खूण राहिली तर डाउनलोड फोल्डरही रिकामा होतो.

आता एक गोष्ट जी फार जणांच्या लक्षात येत नाही. सी ड्राइव्हच्या मुळाशी तुम्ही स्वतः बनवलेले फोल्डर, गेम्सचे, ड्रायव्हरचे, जुन्या बॅकअपचे, सेटअप हलवत नाही. ते जागच्या जागी राहतात आणि कुठल्याच सफाईत येत नाहीत. ते शोधायला 'विझट्री' हा बाहेरचा प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. ते फाइल सिस्टिमची मुख्य यादीच वाचतं, त्यामुळे काही सेकंदांत कोण किती जागा खातंय ते दिसतं.

पुढचा गिऱ्हाईक हायबरनेशनची फाइल, म्हणजे मशीन बंद होताना रॅममधलं काम जिथे साठवलं जातं ती. ती साधारण रॅमच्या 40 टक्के असते, म्हणजे 16 जीबी रॅमला सुमारे साडेसहा जीबी. हायबरनेट वापरत नसाल तर ॲडमिनिस्ट्रेटर टर्मिनलमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत). यात फास्ट स्टार्टअपही बंद होतं, पण एसएसडीवर ते फारसं जाणवत नाही. पेजफाइलला, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज ड्राइव्हवर जी फाइल वापरतं तिला, मात्र हात लावू नका. ती काढलीत तर रॅम भरली की प्रोग्राम धडाधड बंद पडायला लागतात, आणि तेव्हा चार जीबी वाचल्याचा आनंद राहत नाही.

विंडोजचे सुटे घटक ठेवणारा विनएसएक्सएस फोल्डर एक्सप्लोररमध्ये अवाढव्य दिसतो, कारण त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंक (एकाच फाइलची दोन ठिकाणची नावं) असल्याने दोनदा मोजल्या जातात. तो हाताने कधीही साफ करू नका. विंडोजमधल्याच 'डिझम' या साधनाची 'स्टार्ट कंपोनंट क्लीनअप' कमांड पुरे, आणि ताज्या इन्स्टॉलवर तिलाही फारसं काही सापडत नाही.

आता पार्टिशन. डिस्क मॅनेजमेंट उघडा. जुन्या इन्स्टॉलची रिकव्हरी पार्टिशन्स (बिघडलेलं विंडोज दुरुस्त करायची साधनं असलेली) मागे राहिलेली असतात, किंवा लिनक्स काढल्यावर त्याची जागा 'अनअलोकेटेड', म्हणजे कुठल्याच पार्टिशनला न दिलेली, पडून असते. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय फक्त सीच्या लगेच उजवीकडे मोकळी जागा असली तरच चालतो. मध्ये 600-700 एमबीचं रिकव्हरी पार्टिशन आडवं बसलं असेल तर तो पर्याय निर्जीव दिसतो. कुठलं रिकव्हरी पार्टिशन चालू आहे ते 'रीएजंटसी /इन्फो' ही कमांड दाखवते. जे चालू नाही तेच 'डिस्कपार्ट' या पार्टिशनच्या कमांड साधनात निवडून 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' करायचं. मशीन ज्यावरून बूट होतं ते ईएफआय पार्टिशन बहुतेकदा 100 एमबीचंच असतं. जागेच्या लोभाने तेवढ्यासाठी ते उडवलंत तर मशीन बूटच होणार नाही. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह एन्क्रिप्शन) चालू असेल तर या खटाटोपाआधी रिकव्हरी की हाताशी हवी. अर्धा जीबी सोडवायला एवढं करावं का? माझ्या मते नाही. 50 जीबीचं लिनक्स पार्टिशन अडकलं असेल तर जरूर करा.

सगळं झाल्यावर 'एफएसयुटिल बिहेवियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय' चालवा. उत्तर 0 आलं म्हणजे ट्रिम चालू आहे. नावातच 'डिसेबल' असल्याने 0 बघून लोक घाबरतात, पण इथे शून्यच हवं. मग 'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'मध्ये सी निवडून एकदा 'ऑप्टिमाइझ' करा. एसएसडीवर हे डिफ्रॅग करत नाही, सगळ्या मोकळ्या जागेसाठी ट्रिम पुन्हा पाठवतं. ड्राइव्हची 10-15 टक्के जागा मोकळी राहू द्या. गच्च भरलेल्या एसएसडीला लिहिण्याआधी जुना डेटा इकडून तिकडे हलवावा लागतो, आणि तिथेच वेग पडतो.

काहीच ठेवायचं नसेल तर सगळ्यात सोपी वाट इन्स्टॉलच्या वेळचीच: सेटअपमध्ये शिफ्ट-एफ10 दाबा, 'डिस्कपार्ट' सुरू करा, डिस्क निवडून 'क्लीन' द्या, त्यावरची सगळी पार्टिशन्स जातात. निवडण्याआधी 'लिस्ट डिस्क'मध्ये आकार जुळवून बघा, कारण पेनड्राइव्ह आणि दुसरी हार्ड डिस्कही त्याच यादीत असते. 'क्लीन ऑल' मात्र देऊ नका. ते प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहीत बसतं आणि एसएसडीची अख्खी क्षमता एकदा विनाकारण लिहून होते.