आमची वाटचाल : घोडी गाभण राहीपर्यंत

मोठ्या स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास होते तिथे, पगारी डॉक्टर असतात. धुळे-नंदुरबारकडे एक-दोन मारवाडी घोड्या पाळणाऱ्याकडे कोण जाणार? म्हणून गाभण न राहणाऱ्या घोड्या तपासायला आम्ही गेलो. हप्त्यावर घेतलेला पोर्टेबल स्कॅनर, गुदमार्गाचा प्रोब, योनिमार्ग उघडून बघायचा स्पेक्युलम आणि गार्डेड स्वॅब, म्हणजे नळीत झाकलेला नमुना घ्यायचा बोळा, एवढंच भांडवल. स्वॅब नळीतून थेट गर्भपिशवीत उघडायचा, वाटेतली घाण त्याला लागता कामा नये. आजही हे काम मी दुसऱ्याच्या हाती देत नाही.

आम्हाला बुडवायला निघाला तो शेजारच्या तालुक्यातला एक जण. घोडीला जुळं फार क्वचित पेलतं, बहुतेकदा दोन्ही गाभ जातात. म्हणून अंडं सुटल्यापासून चौदा ते सोळा दिवसांत स्कॅन करून एक गाभ दाबून फोडतात. हे आमचं काम पाहून त्याने गावोगाव उठवलं, ‘यांचं मशीन गाभ पाडतं.’ स्वतः मात्र स्वॅब न घेता प्रत्येक घोडीच्या पिशवीत अँटिबायोटिक सोडायचा, निम्म्या दरात. गिऱ्हाईक तिकडे वळलं. हप्ते थकले, बँकेचा माणूस मशीन बघून गेला. ते आजही डोक्यातून जात नाही.

शहाद्याकडचे आबा तेवढे हलले नाहीत. त्यांची घोडी वयस्कर, वर्षानुवर्षं रिकामी. तिचं योनिमुख आत ओढलेलं, लीद थेट त्यावर पडायची. स्वॅबमध्ये स्ट्रेप्टोकोकस हा जंतू निघाला. आधी त्यावर औषध केलं. पुढच्या माजाला फळवल्यावर सहा तासांनी स्कॅन लावला, तर पिशवीत पाणी साचलेलं, स्कॅनवर ते काळंभोर दिसतं. कोमट रिंगर लॅक्टेटने, म्हणजे सलाईनने, धुतलं, परत येणारं पाणी नितळ होईपर्यंत. मग पिशवी आकसून उरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून ऑक्सिटोसिन. अंडं सुटल्याची खात्री झाल्यावर योनिमुखाचा वरचा भाग शिवला, म्हणजे लीद आत जाणार नाही.

अकरा महिन्यांनी शिंगरी झाली. आबा तिला दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घेऊन गेले आणि विचारील त्याला आमचा नंबर देत सुटले. त्या यात्रेने आम्हाला उभं केलं. पुढची वर्षं कामात गेली.

घोडीवाल्यांनो, फळवल्यावर चार तास पिशवी धुऊ नका, बीज वाहून जातं. घोडी रिकामी राहिली तर पुढच्या हंगामाची वाट बघू नका, आताच स्वॅब करून घ्या. आणि टाके घातलेली घोडी असेल तर दहा महिने भरल्यावर डॉक्टरकडून टाके सोडवून घ्या, नाहीतर विताना फाटेल.