मामांची वॅगनार: एमएच 09 ते केए 22

मामा गेले श्रावणात. मामी गाडी चालवत नाहीत, मामेबहीण पुण्यात आणि तिच्या दारात दोन गाड्या आधीच उभ्या. म्हणून नऊ वर्षांची वॅगनार कोल्हापूरहून बेळगावला, माझ्याकडे यायची ठरली. अंतर एकशे दहा किलोमीटर. कागदांना पाच महिने लागले आणि त्यातले दोन माझ्या चुकीने गेले.

पहिली चूक सिमकार्डची. रिचार्ज कशाला करायचा म्हणून मामांचा नंबर आम्हीच बंद पडू दिला. परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर गाडीशी जोडलेला नंबर तोच, आणि कुठलाही अर्ज भरायला घेतला की ओटीपी त्यावरच जाणार! मग मृत्यूचा दाखला आणि आरसी घेऊन आधी नंबर बदलण्याचा अर्ज, त्यासाठी आरटीओत वेगळी फेरी. तेव्हा घरातलं माणूस गेलं तरी त्याचं सिम सहा महिने चालू ठेवा.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे, पण सांगतो. तेराव्याला सगळे वारस एका घरात असतात. संमतीपत्रावरच्या सह्या आणि आधारच्या प्रती तेव्हाच घेऊन ठेवा. आम्हाला ते बरं वाटलं नाही, आणि मग एका सहीसाठी बहिणीला पुण्याहून रजा काढून यावं लागलं.

आता क्रम, कारण सगळा घोळ त्यातच होतो. मला वाटलं होतं, मामांच्या नावावरून गाडी थेट माझ्या नावावर होईल. पण भाचा हा मामी आणि मुलगी असताना वारस नव्हे. आधी कोल्हापुरात फॉर्म 31 भरून गाडी मामींच्या नावावर केली. हा फॉर्म मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरासाठीच आहे. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, मामींचं प्रतिज्ञापत्र आणि मुलीचं संमतीपत्र. नियमाप्रमाणे मृत्यूची खबर 30 दिवसांत आणि हा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. आम्ही उशिरा गेलो, त्याचा दंड भरला. फी स्वतः फार नाही, मोटारीच्या हस्तांतराला 300 रुपये आणि कार्डाचे 200.

विम्याचीही तीच मुदत. मालक गेल्यावर पॉलिसी तीन महिने, किंवा आधी संपत असेल तर तेवढीच, चालते. मामींच्या नावावर करताना नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची हप्त्यातली सूट, त्यांना मिळाली, कारण त्या पत्नी. पुढे माझ्या नावावर होताना ती गेली आणि फरकाची रक्कम मी भरली.

मामींच्या नावाची आरसी हातात आली, मग बेळगावसाठी ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28. त्याआधी दोन गोष्टी तपासा. आरसीवर बँकेचा बोजा दिसतोय का? कर्ज फिटलं म्हणून नोंद आपोआप निघत नाही, बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 लागतो. मामांनी ते करून ठेवलं होतं. दुसरं, ई-चलन. तिथे एक थकलेलं निघालं, पुण्याच्या वाटेवर वेगमर्यादा ओलांडल्याचं. मामी मोबाईलमधला फोटो बराच वेळ बघत राहिल्या. "मला तर म्हणायचे, साठच्या वर काटा कधी नेत नाही." चलन त्यांनीच भरलं, मला भरू दिलं नाही.

चासी नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या आकड्याचा, पेन्सिलने घेतलेला छाप अर्जाला लागतो. घरीच दोन-चार जास्तीचे काढा. मी एकच नेला, तोही पुसट, आणि भर उन्हात आरटीओच्या आवारात गाडीखाली वाकलो.

गाडी मामींकडून माझ्या नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30, त्यांवर मामींच्या सह्या कोल्हापुरातच घेतल्या, म्हणजे त्यांना बेळगावला यायला नको. मग एका पहाटे निघालो. कागल सुटलं, कोगनोळीला दुप्पट टोल रोखीने भरला. मामांचा फास्टॅग बंद केला होता आणि नंबर बदलणारच होता म्हणून नवा घेतला नव्हता. निपाणीत चहा, तवंदी घाटात गाडी दुसऱ्या गिअरला जरा कुरकुरली, संकेश्वर ओलांडल्यावर शांत झाली.

बेळगावच्या आरटीओत फॉर्म 27, म्हणजे नव्या राज्याचा नंबर मागण्याचा अर्ज, आणि 29, 30 एकत्र दिले. घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं, तेव्हा इथे आळस नको. चोरीची नोंद नसल्याचा एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, दाखलाही मागितला. खिडकीच्या आत कन्नड, बाहेर रांगेत मराठी. अडलं तर मागचा माणूस सांगतो. मग गाडीची तपासणी आणि शेवटी कर्नाटकचा आजीवन कर. सगळ्यात मोठा खर्च हाच. गाडीच्या किमतीवर बसतो, वयाप्रमाणे कमी होतो, आणि महाराष्ट्रात एकदा भरला होता म्हणून इथे सुटत नाही. गाडी हलवण्याआधी हा आकडा काढाच. पंधरा वर्षांना टेकलेली असेल तर पुढे नूतनीकरणाचे 5000 वेगळे. मी तर म्हणेन, अशी गाडी कोल्हापुरातच विकून पैसे मामींना द्यावेत.

महाराष्ट्रातल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. तो अर्ज माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे, नऊ वर्षांच्या गाडीचं उरलंय तरी किती!

केए 22 ची पाटी लागली त्याच आठवड्यात बाबांच्या स्कूटरची आरसी काढली. 2021 पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं. बाबांनी अर्ज चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाले, "अजून दहा वर्षं मीच चालवणार आहे, हे लिहायला कुठे जागा दिसत नाही रे."