वडिलांच्या नावाचं बिल आणि आमचं सोलर

कारखान्यावर सोलर बसवायचं असेल तर पॅनलचे रेट काढण्याआधी वीजबिल हातात घ्या आणि वरचं नाव वाचा. ते नाव हयात माणसाचं नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते बदलून घ्या.

आमचं बोल्ट-स्टडचं छोटं युनिट आहे. माल एका मोठ्या कंपनीमार्फत जर्मनीला जातो. १ ऑक्टोबर २०२३ पासून युरोपने सीबॅम लावला, म्हणजे आयात होणारं लोखंड-पोलाद बनवताना हवेत किती कार्बन गेला त्याचा हिशेब मागायला सुरुवात केली. लगेच त्या कंपनीची एक्सेल शीट आमच्याकडे आली: टनामागे वीज किती, डिझेल किती, ज्यापासून बोल्ट बनतो ती तार कुठल्या मिलची. वीज किती जाते ते कागदावर मांडल्यावर मीच चपापलो. ३० किलोवॅटचं सोलर घ्यायचं ठरलं. किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, ती शेडवर होती. कर्ज, स्ट्रक्चर, पॅनल, इन्व्हर्टर यांत सांगण्यासारखं काही नाही, झालं. फक्त सिमेंटचा पत्रा असेल तर माणूस वर चढवू नका, आधी पत्रा बदला.

घोडं अडलं नेट मीटरच्या करारावर. नेट मीटर म्हणजे ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज वेगवेगळी मोजणारा मीटर. अर्ज ऑनलाइन, मंजुरीही आली होती. करारावर सही करायला वीज कार्यालयात गेलो, तर मॅडम म्हणाल्या, "ग्राहकाची सही लागेल."

"ग्राहक म्हणजे माझे वडील. ते वारले."

"मग नाव बदलून आणा."

नाव बदलायला प्लॉट आमच्या नावावर हवा. प्लॉटसाठी सगळ्या वारसांची ना हरकत. ताई नागपूरला. तिने नोटरी करून कागद कुरियरने पाठवला, तर वारस दाखल्यावर तिचं माहेरचं नाव आणि ना हरकतीवर सासरचं. पुन्हा प्रतिज्ञापत्र, की या दोन्ही नावांची बाई एकच. ते दिलं तर आधार कार्डावर मधलं नाव नाही. ताई फोनवर म्हणाली, "अरे, मीच येऊन उभी राहू का तिथे?" राहिली असती तरी उपयोग नव्हता, खिडकीला कागद लागतो. प्रत्येक वेळी एकच त्रुटी सांगायचे. पुढची त्रुटी पहिली दुरुस्त करून नेल्यावर. शेवटी मी कोऱ्या कागदावर लिहून दिलं की अजून काय काय कमी आहे ते सगळं एकदम लेखी द्या, आणि त्याची पोच मागितली. यादी त्याच दिवशी मिळाली! हे आधी सुचलं असतं तर चपला वाचल्या असत्या.

तोवर पॅनल वर नुसते तापत होते. ३० किलोवॅटला दिवसाला सरासरी सव्वाशे युनिट धरा. आपल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे वर्षाला तीसेक टन. एका सहीसाठी ते अडलं होतं. व्हेंडर म्हणाला, "साहेब, गुपचूप चालू करून देतो." असं अजिबात करू नका. बरेच साधे इलेक्ट्रॉनिक मीटर उलट जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजतात. रविवारी कारखाना बंद असताना तुम्ही ग्रिडला वीज द्याल आणि बिलही तुम्हीच भराल.

दुसरा फटका सीएने दाखवला. सोलरवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे किमतीचा तेवढा भाग खर्च म्हणून वजा होतो, पण यंत्रणा त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या आत सुरू झाली पाहिजे. आमची दिवाळीनंतर झाली. निम्मा घसारा पुढे ढकलला गेला, आणि हप्ते मात्र वेळेवर.

मीटर आपणच विकत घेतला, तर तपासणीसाठी लॅबला द्यावा लागतो आणि तिथेही रांग असते. पॅनल चढायच्या आधीच मीटर लॅबला टाका.

एक गोष्ट सोलरवाले सांगत नाहीत. २०२६ पासून सीबॅममध्ये नुसता हिशेब नाही, पैशांचा कर लागू झाला, त्यात पोलादाच्या मालाला विजेचा कार्बन धरत नाहीत. आमच्या बोल्टमधला मोठा कार्बन तारेतच येतो, तारेचं पोलाद खनिजापासून मोठ्या भट्टीत झालं की भंगारातून, त्यावर तो ठरतो. तेव्हा मिलकडून आकडे मागायला लागा. सोलर बिलासाठी आणि हवेसाठी करा, त्या करासाठी नको.

आणि सोलरच्याही आधी हवेचा कॉम्प्रेसर बघा. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद ठेवून हवा भरा, शेडमध्ये फिरा, फुसफुस ऐका, साबणाचं पाणी लावून गळती शोधा. दाब एक बार कमी केला तरी कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते. आम्ही सातवरून सहावर आणला, कुणाचं काही अडलं नाही. त्याला कुणाची सही लागली नाही.