तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्यानं सोडलेला एवढा मोठा कुत्रा घरात का घेता?

"वैनी, कुत्रंच पाळायचं तर एखादं पिल्लू आणायचं की. दुसऱ्यानं टाकलेलं एवढं दांडगं जनावर कशाला घरात घेतलासा?"

हा प्रश्न मला कुठंही गाठतो. पतसंस्थेच्या काउंटरवर, भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. काळजी असते, थोडी भीतीही असते. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटत राहतं की नीट सांगायला हवं होतं. परवा मावसबहिणीनं फोनवर पुन्हा तेच विचारलं, म्हणून आज लिहायला बसले.

आमचं घर बेळगावजवळ येळ्ळूरच्या बाजूला आहे. मागं परडं, त्यात दोन नारळ आणि एक चिक्कू. ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं काम. 2017 च्या पावसाळ्यात खानापूर रस्त्यावरच्या एका फार्महाउसवर पंप बिघडला म्हणून ह्यांना बोलावणं आलं. संध्याकाळी घरी आले ते गप्पच. जेवताना म्हणाले, "तिथं एक कुत्रा आहे. वासराएवढा. साखळी दोन हाताची. बसला की उठता येत नाही नीट त्याला."

दुसऱ्या दिवशी मीही गेले. ग्रेट डेन होता, चार वर्षांचा. मालकांनी दुसऱ्या शहरात फ्लॅट घेतला होता, तिथं कुत्रा चालत नव्हता. न्यायला येतो म्हणून गेले, त्याला आठ महिने झाले होते. राखणदार आणि त्याची बायको आपल्या ताटातला भात त्याला घालत होते. त्यांच्याच जिवावर तो जगला, हे मला आवर्जून सांगायचं आहे. कोपरांवर सिमेंटच्या फरशीनं घट्टे पडलेले, गळ्यापाशी साखळीनं केस गेलेले, पाठीचा मणका न् मणका मोजता यावा असा. नाव टायगर. आम्ही ते बदललं नाही. सगळं गेलं होतं त्याचं, नाव तरी राहू दे म्हटलं.

गल्लीतल्या भुसार दुकानात पोती तोलायचा काटा आहे, त्यावर त्याला उभा केला. 41 किलो. डॉक्टर म्हणाले, या उंचीच्या नराचं वजन साठीच्या पुढं पाहिजे.

पहिले दोन दिवस तो आमचं काही ऐकेना. 'बस' म्हटलं की तोंडाकडं बघायचा, 'ये' म्हटलं तरी बघायचा. बहिरा आहे की काय असं वाटलं. तिसऱ्या दिवशी राखणदाराची बायको त्याला बघायला आली. दारातूनच म्हणाली, "टायगर, कुंद्रु." आणि तो एवढा मोठा देह एका झटक्यात खाली बसला. त्याला कन्नड येत होतं, मराठी येत नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या घरात कुत्र्यांशी कन्नडच बोलतात. 'इल्ली बा' म्हटलं की यायचं, 'निंद्रु' म्हटलं की थांबायचं, 'ब्याड' म्हटलं की सोडून द्यायचं. सासूबाईंना उभ्या आयुष्यात बाजारापुरतंच कन्नड आलं होतं. त्या 'ब्याड' इतक्या ठणकावून म्हणायला लागल्या की शेजारची पोरंही थबकायची.

झोपायचा मात्र तो फाटकाला पाठ लावून, तोंड रस्त्याकडं करून. पाऊस आला तरी आत यायचा नाही. गाडीचा आवाज आला की मान वर. हे बघवत नव्हतं. सोडलेली कुत्री सांभाळणारे लोक एक अंदाज सांगतात: पहिले तीन दिवस भेदरलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत समजण्याचे, तीन महिने हे घर आपलं आहे हे पटायला. टायगरला चार महिने लागले. दिवाळीच्या आसपास एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर तो सासूबाईंच्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवा पसरलेला, चारी पाय ताणून, घोरत. मी पाणी न पिताच तिथं बसून राहिले.

त्यानंतर त्याचा खरा स्वभाव कळला. या जातीला माणसाच्या अंगावर रेलायची सवय असते. तो येऊन शेजारी उभा राहायचा आणि हळूच सगळा भार आपल्यावर टाकायचा. पडवीच्या कट्ट्यावर मागचं अंग टेकून, पुढचे पाय जमिनीवर ठेवून माणसासारखा बसायचा. सासूबाई शेंगा फोडायच्या, हा शेजारी बसून रस्ता बघायचा. सात महिन्यांनी काट्यावर 58 किलो भरला, तेव्हा दुकानदारानंच पेढे आणले.

तो कसा गेला तेही सांगते, कारण मोठा कुत्रा घरात असणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं. 2020 चा फेब्रुवारी. आठ वाजता तो जेवला. लगेच बाहेर वरातीचे फटाके सुरू झाले, तो परड्यात इकडून तिकडं धावला. साडेनऊला बघते तर अस्वस्थ, येरझाऱ्या घालतोय, उलटी करायला बघतोय पण नुसता फेस. मला वाटलं अपचन. ओव्याचं पाणी पाजलं. साडेअकराला पोट ढोलासारखं ताठ झालं तेव्हा आम्ही धावलो. छाती खोल असलेल्या मोठ्या जातींत पोट वायूनं फुगतं आणि जागच्या जागी पिळलं जातं. रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत ऑपरेशन झालं तरच जीव वाचतो. रात्री त्या वेळी ते करणारं कुणी इथं मिळालं नाही. कोल्हापूरला न्यायला निघालो. हत्तरगीच्या पुढं त्यानं माझ्या मांडीवर मान टाकली.

ते दोन तास मी ओव्याच्या पाण्यात घालवले. आता आमच्याकडं मोठ्या कुत्र्याला दिवसातून एकदाच भरपेट घालत नाही, तीन वेळा थोडं थोडं घालतो. जेवणाआधी आणि नंतर तासभर पळापळ नाही. रिकाम्या उलट्या आणि फुगलेलं पोट दिसलं की घड्याळ बघत बसायचं नाही, गाडी काढायची. ऑपरेशन कुठं होतं, रात्री कुणाला फोन करायचा, हे कुत्रा घरी आणायच्या आधी विचारून ठेवायचं.

टायगर गेल्यावर सगळे म्हणाले, आता पुरे, हवं तर छोटं पिल्लू आणा. आम्ही मात्र सोडलेली मोठी कुत्रीच घरी आणत गेलो, काहींना पुढं चांगलं घर शोधून दिलं. तेव्हापासून तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी तयार आहे.

पिल्लाला घर मिळतं. लॅब्राडोरचं, रॉटवायलरचं, ग्रेट डेनचं पिल्लू मांडीवर मावतं, त्याला घ्यायला लोक गाडी घेऊन येतात. वर्ष-दीड वर्षात ते तीस-चाळीस किलोचं, ग्रेट डेन असेल तर पन्नासच्याही पुढचं होतं. मग साखळी, मग गच्ची, मग कुणाचं तरी शेत, मग रस्ता. माझ्याकडं जी मोठी कुत्री आली त्यांतलं एकही कुणाला चावलं म्हणून सोडलेलं नव्हतं. बदली झाली, घर बदललं, बाळ झालं, धंदा बसला, म्हातारे मालक वारले. ते जनावर जेवढं होणार होतं तेवढं झालं, त्याची दुसरी चूक काही नव्हती. त्यातून मोठ्या जातींना आयुष्य कमी असतं. ग्रेट डेन सात ते दहा वर्षं जगतो. त्यातली चार कुणी साखळीवर काढायला लावली असतील तर उरलेली मला वाया जाऊ द्यायची नाहीत.

आणि मोठं झालेलं कुत्रं जसं आहे तसं समोर असतं. मुलांशी कसं वागतं, मांजर बघून काय करतं, एकटं राहतं का, हे आधी बघून घेता येतं. पिल्लाच्या बाबतीत हे सगळं नशिबावर.

तुम्हाला आठवत असेल, 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुपालन खात्यानं राज्यांना एक पत्र पाठवलं होतं. 23 जाती हिंस्र ठरवून त्यांची आयात, पैदास, विक्री बंद करा म्हणून. त्यात रॉटवायलर होता, मास्टिफ होते. ज्यांच्या घरी आधीच होते त्यांनी फक्त नसबंदी करून घ्यायची होती. पण लोकांच्या कानावर गेलं ते 'बंदी' एवढंच. 10 एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. मधल्या त्या महिन्यात, एका पहाटे, आमच्या डॉक्टरांच्या फाटकाला कुणीतरी एक रॉटवायलर मादी बांधून गेलं. शेजारी स्टीलचं ताट आणि घडी घातलेली जुनी चादर. चादर ठेवणाऱ्याचे हात कापले असतील, असं मला अजून वाटतं. मी त्यांना दुष्ट म्हणत नाही. पण दोन दिवस चौकशी केली असती तर ती आज त्यांच्या घरी असती.

तिला आम्ही राणी म्हणतो. आली तेव्हा ताप होता, नाकातून रक्त येत होतं. गोचिडांमधून होणारा ताप, रक्तातल्या प्लेटलेट खूप खाली गेल्या होत्या. चार आठवडे गोळ्या चालल्या. आपल्याकडं पाऊस ओसरला की गोचीड वाढतात, खानापूरच्या रानात फिरणाऱ्या कुत्र्यांना तर फार. दर संध्याकाळी कानामागं, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवून बघायचं, हे आता माझ्या अंगवळणी पडलंय. राणी त्यासाठी स्वतः पंजा पुढं करते.

जनावर असं सोडून देणं गुन्हा आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यात, उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत जनावर टाकून देणं ही क्रूरता मानली आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. पन्नास रुपयांत आज अर्धा डझन अंडी घेऊन फारसं काही उरत नाही. हा आकडा वाचला त्या रात्री मला संतापानं झोप आली नाही.

खर्चाचं विचारता तेही सांगते, पैसे मोजणं माझं कामच आहे. गेल्या महिन्यात राणी आणि आता आलेला शेरू, दोघांचे मिळून 9,200 रुपये झाले. नाचणीची आंबील, भात, कोंबडीचं मांस, अंडी, भोपळा आणि गोचिडांच्या गोळ्या. शिजवलेली हाडं कधीच नाहीत, त्यांच्या फुटून टोकदार कपच्या होतात आणि आतडी फाटतात. कांदा नाही, द्राक्षं-बेदाणे नाहीत. आणि पाहुण्यांनी प्रेमानं पुढं केलेला कुंदा, ही आमची खव्याची मिठाई, तीसुद्धा नाही. यात रेबीजची आणि इतर लसीची वार्षिक इंजेक्शनं धरलेली नाहीत. आमच्या घरात दोघं कमावतात म्हणून हे झेपतं. ज्यांना झेपणार नाही त्यांनी नाही म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

इथं एक वेगळीच गोष्ट होते. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ना, त्याचा आधार घेऊन विकणारे सेंट बर्नार्डसुद्धा विकतात. 'इथं थंड असतं, चालतंय.' आल्प्सच्या बर्फातलं ते कुत्रं. एप्रिलमधल्या दुपारी त्याची जीभ बघा एकदा, मग कुणी चालतंय म्हणणार नाही.

आणि मुधोळ हाउंड. आपल्या भागाचा अभिमान, तो मलाही आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी, मालोजीराजांनी ही जात जोपासली, 2005 मध्ये तिच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं. पण ते नजरेनं शिकार करणारं, वाऱ्यासारखं धावणारं कुत्रं आहे. त्याला दोन खोल्यांत कोंडलं की ते एक दिवस दार उघडं बघून निघून जातं, आणि माणसं म्हणतात पळपुटं निघालं. वडगावातून असाच एक आमच्याकडं आला होता. चिक्कोडीकडच्या एका शेतकऱ्याकडं दिला, तिथं त्याला आठ एकर मोकळं रान आहे.

सगळ्यांनाच मी कुत्रा देत नाही. 'राखणीला हवाय, बाहेरच बांधणार' म्हणणाऱ्याला नाही. घरातलं एक माणूस जरी नको म्हणत असेल तर नाही. भाड्याचं घर असेल तर मालकाला मी स्वतः फोन करते. लोकांना राग येतो, येऊ दे. एकदा घर सुटलेल्या कुत्र्याचं दुसऱ्यांदा सुटलं तर ते खाणं सोडतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सध्या शेरूसाठी घर शोधते आहे. जर्मन शेफर्ड, नऊ वर्षांचा. त्याचे मालक एकटेच राहायचे, ते श्रावणात वारले, मुलं परदेशात आहेत. मागचे पाय थोडे अशक्त झालेत, जिना चढवत नाही, म्हणून तळमजला पाहिजे. मराठी, कन्नड दोन्ही समजतं. मावसबहिणीनं फोन ठेवताना विचारलं, "बघायला येऊ का गं?" तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. घरातल्या सगळ्यांना घेऊन या, लहान मुलांनाही. फाटकातून आल्यावर त्याला हाक मारू नका, डोक्यावर हात ठेवू नका, पडवीत नुसते बसा. चहा होईपर्यंत तो आपणहून येऊन वास घेईल. त्याला उकडलेलं रताळं आवडतं. आणलंत तर हातानं भरवू नका पहिल्या दिवशी, जवळ जमिनीवर ठेवा.