रबाय विचार करताहेत

रविवार, रात्री पावणेबारा

अमेरिकन दिग्दर्शक कोएन बंधूंचा 'अ सीरियस मॅन' (२००९) हा सिनेमा आज दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या खेपेला खूप हसले होते. आज मध्येच बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

गोष्ट १९६७ची, मिनेसोटातली. लॅरी गोपनिक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. बायकोला घटस्फोट हवाय, नोकरीत कायम होईल की नाही याचा पत्ता नाही, भाऊ घरात मुक्काम ठोकून बसलाय. हे सगळं माझ्याच वाट्याला का, हे विचारायला तो रबायांकडे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडे जातो. पहिला त्याला खिडकीतून पार्किंगकडे बघायला सांगतो. दुसरा एका दातांच्या डॉक्टरची गोष्ट सांगतो: पेशंटच्या खालच्या दातांना आतून हिब्रू अक्षरं कोरलेली, 'मला वाचव'. म्हणजे काय? ते रबायालाही ठाऊक नाही. तिसरा, म्हातारा मार्शक, भेटतच नाही. सेक्रेटरी म्हणते, ते विचार करताहेत.

बाबांचे रिपोर्ट आले तेव्हा आम्हीही असेच उंबरठे झिजवले. एकांनी शांत करायला सांगितली, दुसऱ्यांनी पत्रिकाच चुकलीय म्हटलं. तिसऱ्यांच्या ओसरीवर आई तासभर बसून परत आली. मार्शकचं दार लागलं तिथे आज मला हसता आलं नाही.

ज्यू घरात न वाढलेल्या कुणाला हा सिनेमा जमला असता? मला नाही वाटत. दोघे कोएन भाऊ मिनियापोलिसजवळच्या सेंट लुईस पार्कमध्ये वाढले, वडील मिनेसोटा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचे. पण प्राध्यापकाचं घर, हिब्रू शाळा, बार मित्झ्वा (ज्यू मुलाचा तेराव्या वर्षीचा धार्मिक विधी), हे तपशील कुणीही गोळा करील. देवाशी भांडायचा हक्क घरातूनच मिळावा लागतो. बायबलात सगळं गमावून देवाला जाब विचारणारा ईयोब आहे; त्याच्याशी देव वावटळीतून बोलतो. इथेही शेवटी वावटळ येते, शाळेबाहेर मुलं बघत उभी असतात, आणि आतून कुणी बोलत नाही. परक्याने दाखवलं असतं तर ही टवाळी झाली असती. यांच्या हातून ती विनवणी झालीये.

मार्शक बोलतो ते लॅरीच्या तेरा वर्षांच्या मुलाशी. वर्गात जप्त झालेला त्याचा ट्रान्झिस्टर परत देतो आणि म्हणतो, चांगला मुलगा हो.

बाबांनी शेवटच्या आठवड्यात काहीच विचारलं नाही. उशाशी ठेवलेला रेडिओ माझ्या हातात दिला, म्हणाले, सेल संपलेत, बदलून आण.