तुम्ही विचारलंत म्हणून: हे विचार बाहेरचेच ना?

नागपुरात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न चुकत नाही. स्वातंत्र्य, समता, लोकशाही, सगळं मुळात बाहेरचंच ना? विचारणारे दोन तऱ्हेचे. एकांचं म्हणणं, मग थिअरीच्या पेपरात जॉन स्टुअर्ट मिल, रूसो, मार्क्सच शिकवा. फुले-आंबेडकर ‘भारतीय विचारवंत’च्या पेपरात आहेतच. दुसऱ्यांचं म्हणणं, परकं आहे तर शिकवताच कशाला? दोघांनाही माझ्याकडून फक्त ‘हो’ हवं असतं.

बाहेरून आलं ते आलंच, त्यात लपवण्यासारखं काय आहे? फुल्यांनी माणसाच्या हक्कांवर लिहिणारा टॉमस पेन वाचला होता, आणि १८७३ सालची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई या तत्त्वज्ञांचे विद्यार्थी. १९३६ साली जातिनिर्मूलनावरचं न होऊ दिलेलं भाषण त्यांनी स्वतः छापलं, त्यात या गुरूचं ऋण नाव घेऊन मानलंय. आणि तेच बाबासाहेब १९५४ साली आकाशवाणीवर सांगतात, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, माझा गुरू बुद्ध याच्या शिकवणीतून घेतली. मला दोन्ही खरं वाटतं. एका गुरूकडून मिळालेलं दुसऱ्याकडे जाऊन पारखायचं आणि मग १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांपुढे उभं राहायचं, हे उसनवारी करणाऱ्याचं काम नव्हे.

पण मला मनापासून टोचतं ते वेगळंच आहे. माझ्या एका विद्यार्थिनीचा पीएच.डी.चा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. तिचा विषय होता २० जुलै १९४२ ला नागपूरच्या मोहन पार्कात भरलेली दलित वर्गाची महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. तिथे बायकांनी ठराव केले: घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, मिलमधल्या आणि बिडी कारखान्यांतल्या बायकांना रजा हव्यात, जिथे बायका काम करतात तिथे देखरेखीलाही बाईच हवी. पोरीनं या ठरावांमधून सत्तेचा एक विचार उभा केला होता. सरकार लांब असतं. मिलमधल्या बाईवरची सत्ता म्हणजे तिच्या मागे देखरेखीला उभा असलेला पुरुष.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला आणि विचारलं, “हे चळवळीचे कागद झाले. तुमची सैद्धांतिक चौकट कुणाची?” म्हणजे, हे सगळं कुठल्या विचारवंताच्या सिद्धांतावर उभं आहे?

ती म्हणाली, “सर, ह्याच बायांची.”

मागच्या रांगेत दोघेतिघे हसले. मी बोलायला लागले, तर सर सौम्यपणे म्हणाले, “मॅडम, उत्तर उमेदवाराला देऊ द्या.” तिनं दिलं. म्हणाली, “माझी आजी बिड्या वळायची. ठेकेदार मूठभर बिड्या उचलून खराब म्हणून बाजूला टाकायचा. त्या बिड्यांचे पैसे नाही, आणि त्या परतही नाही. आजी सांगायची, बिडी खराब नसते, मोजणारा खराब असते. देखरेखीचा ठराव मला तिथून समजला, सर.” कुणी काही बोललं नाही. थिसिस मंजूर झाला, एका अटीवर: सैद्धांतिक चौकटीचं प्रकरण नव्यानं जोडा. बाहेर आल्यावर तिनं एवढंच विचारलं, “मॅडम, ते हसले काहून?”

तिनं प्रकरण लिहिलं. युरोपातल्या दोनचार नावांनी ते उभं राहिलं, आणि अख्ख्या थिसिसमध्ये तेवढंच निर्जीव आहे.

परीक्षक दुष्ट नव्हते. त्यांनी पानन् पान वाचलं होतं, समासात बारीक अक्षरात शुद्धलेखनसुद्धा दुरुस्त केलं होतं. आणि खरं सांगायचं, तर त्यांचा प्रश्न माझ्याच तरुणपणीचा आहे. नवी लागले तेव्हा मी वर्गात हेच सांगायची, की मागणी वेगळी आणि सिद्धांत वेगळा. ठरावात ‘हवं’ असतं, ‘का हवं’ कुठे असतं? माझ्यातली ती तरुण बाई अजून माझ्याशी भांडते. मी तिला म्हणते, जॉन स्टुअर्ट मिलनं तरी ‘का’ हवेतून आणला का? त्याच्या आसपासच्या बायकांचं जगणं पाहूनच बायकांच्या पराधीनतेवर लिहिलं ना? ती म्हणते, हो, पण त्यानं आक्षेपांना एकेक करून उत्तरं दिली, तुझ्या ठरावांनी कुणाला दिली? इथे मी अडते. आजीच्या वाक्यात ‘का’ आहे असं मला पक्कं वाटतं, पण ते सिद्ध करायला मी परत मिलचीच पद्धत वापरते.

मग थिअरी आणि भारतीय विचारवंत असे दोन पेपर कशाला, एकच करा ना, असं आता म्हणाल. एक झाला तर प्लेटोपासून सुरुवात होणार आणि फुले-आंबेडकर शेवटच्या युनिटात जाणार, आणि शेवटचं युनिट परीक्षेआधी कधी पुरं झालेलं मी पाहिलेलं नाही. वेगळे ठेवले तर निदान शिकवले जातात, पण मग पुढच्या पोरीलाही कुणीतरी चौकट विचारणारच. मी अभ्यासक्रमाच्या बैठकीत एकत्र पेपरच्या बाजूनं बोलते. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारी वेगळ्याच्या बाजूनं बोलतात, आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला अजून म्हणता आलेलं नाही.