तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या लेन्सने फोकस चुकत नाही का?

माझ्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर मामांची जुनी, हाताने फोकस करायची हेलिओस ४४-२ लेन्स पाहिली की बहुतेक जण हेच विचारतात, आणि पाठोपाठ पुढचा प्रश्न येतो, की ऑटोफोकस हाताशी असताना हा खटाटोप कशासाठी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: चुकतो, आणि सुरुवातीला तर फारच चुकत असे.

मामांच्या झेनिट-ई कॅमेऱ्याबरोबर आलेली ही ५८ मिलिमीटर, एफ/२ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितके प्रकाशाचे छिद्र मोठे) सोव्हिएत बनावटीची असून तिची रचना जर्मनीच्या झाइस बायोटारवरून घेतलेली आहे. कॅमेरा बंद पडला आणि लेन्स ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या कपाटात पडून राहिली. मी ती आधी निकॉनच्या डीएसएलआरवर (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) लावून पाहिली, तेव्हा जवळचे स्वच्छ दिसे, पण येऊरचे डोंगर काही केल्या धूसरच राहत. या लेन्सला माउंटपासून, म्हणजे ती कॅमेऱ्यावर बसते त्या कड्यापासून, चित्र टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते आणि त्या कॅमेऱ्यात ते ४६.५ असते, जेमतेम एका मिलिमीटरने अनंतावरचा फोकस हातचा जातो. माझ्या मिररलेस सोनीच्या ई माउंटवर मात्र हे अंतर १८ मिलिमीटरच असल्यामुळे, उरलेले २७.४६ मिलिमीटर भरून काढणारा धातूचा पोकळ अडॅप्टर पुरतो, मध्ये आणखी काच घालावी लागत नाही. कॅमेऱ्याला या लेन्सचा पत्ताच लागत नाही, म्हणून मेनूत जाऊन लेन्स नसतानाही शटर चालू द्यावे, आणि हाताचा थरथराट सावरणाऱ्या स्टॅबिलायझरला ५८ हा आकडा हाताने द्यावा. लहान सेन्सरमुळे दृश्य कापले जाते, त्या क्रॉपचा दीडपट हिशेब करून ८७ नव्हे.

आता फोकसविषयी. जांभळी नाक्यावर झेंडूचे हार ओवणाऱ्या एका मावशींच्या बोटांचे छायाचित्र मला हवे होते. एपीएस-सी, म्हणजे याच लहान आकाराच्या, सेन्सरवर, एक मीटर अंतरावरून, एफ/२ ला स्पष्ट दिसणारा पट्टा अवघा अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सुईचे टोक धरले तर मागचा अंगठाही हातून निसटतो. पडद्यावर कडा रंगवून दाखवणाऱ्या पीकिंगवर मी भरवसा ठेवला आणि घरी येऊन पाहते तो एकही सुई धारदार नव्हती, कारण पीकिंग खऱ्या पट्ट्याहून बराच जाड भाग रंगवते. दुसऱ्या खेपेला दृश्य मोठे करून लेन्सचे फोकसचे कडे सावकाश फिरवू लागले, तेव्हा मावशी म्हणाल्या, “तुझा एक फोटो होईस्तोवर माझा हार संपेल गं.” तो संपलाही; पण तिसऱ्या हारात सुई मिळाली.

ऑटोफोकस अशा वेळी चेहऱ्याकडे धाव घेतो. बिंदू हलवून त्यालाही सुईवर आणता येते, हे मान्य. मला कडे फिरवणे सोपे जाते, इतकेच. शिवाय या लेन्सला छिद्रासाठी दोन कडी आहेत: पहिल्यावर एफ/४ ठरवून ठेवावे, दुसरे पूर्ण उघडून एफ/२ ला फोकस लावावा आणि डोळा न हलवता ते अडेल तिथवर फिरवावे, की छिद्र नेमके एफ/४ वर येऊन थांबते. फिल्मच्या काळातली ही सोय आजच्या डिजिटल दृश्यदर्शकातही जशीच्या तशी उपयोगी पडते.

धावणारी मुले आणि लग्नकार्ये यांसाठी मी ही लेन्स नेत नाही. तलावपाळीवर संध्याकाळी दिवा समोर आला की चित्रावर दुधट पडदा येतो, तो मला कधी आवडतो, कधी नाही.

घ्यायची असेल, तर आधी मागून टॉर्च धरून आत बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात ती झपाट्याने वाढते. माझी लेन्स जूनपासून सिलिका जेलच्या डब्यात असते. छिद्राच्या पात्यांवर थोडे तेल दिसले, तर या लेन्सपुरते फार घाबरू नये, कारण तिची पाती स्प्रिंगने नव्हे, आपल्या हाताने मिटतात.